लेखापालाची सनद आणि ज्ञानाचे नूतनीकरण

वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील सांडोर हे पूर्वापार वाड्यांचे गाव. केळी, भाजीपाला, फुले आणि पान यांच्या बागायतीवर हा सारा पट्टा पोसला गेला. मुंबईशी लोहमार्गाने साधलेली जवळीक, वाढती वस्ती आणि नोकरदारांची वाढती संख्या यांमुळे त्याचे रूप हळूहळू पालटत गेले. २००१ च्या जनगणनेत सांडोरची नोंद जनगणना-नगर म्हणून झाली. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला.

अशा स्थित्यंतरातून जाणाऱ्या गावात पैशाच्या व्यवहारांचे स्वरूपही बदलते. वाडीच्या उत्पन्नाची जागा पगार घेतो, घराच्या जागी गृहनिर्माण संस्था उभी राहते आणि बचत पतसंस्थेत किंवा सहकारी बँकेत जमा होते. शाळा, देवस्थान, चर्च, वाचनालय, महिला मंडळ या साऱ्यांचे हिशेब वर्षअखेरीस कोणीतरी तपासतो आणि त्यावर सही करतो. त्या सहीवर शेकडो कुटुंबांचा विश्वास अवलंबून असतो. सही करणाऱ्याने पदवी केव्हा मिळविली हे सभासदांना बहुधा ठाऊक असते. परंतु त्यानंतर बदललेले कायदे त्याने अभ्यासले आहेत किंवा कसे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. लेखापालाच्या निरंतर शिक्षणाचा नियम याच प्रश्नातून जन्मास आला आहे.

विश्वासाची जुनी परंपरा

सहकाराशी वसईचा संबंध शंभर वर्षांहून जुना आहे. भारतात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ साली झाला आणि १९१२ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढविली. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९१८ साली, मॉन्सिनिअर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने वसईत कॅथॉलिक समाजाची सहकारी पतपेढी सुरू झाली. पापडी येथे मुख्य कार्यालय असलेली आजची बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक ती हीच. सावकाराच्या पाशातून शेतकऱ्यास सोडविणे हा तत्कालीन सहकारी चळवळीचा हेतू होता आणि तो साधण्यासाठी दोन गोष्टी अत्यावश्यक होत्या : सभासदांचा परस्परविश्वास आणि स्वच्छ हिशेब.

योगायोग असा की, त्याच १९१८ साली मुंबईत शासकीय लेखा पदविकेचा अभ्यासक्रम सुरू झाला. हिशेबनीस म्हणजे वहीखाते लिहिणारा, ही समजूत मागे पडून हिशेब तपासणारा हा शिक्षित व्यावसायिक असावा, हा विचार त्यातून रुजला. स्वातंत्र्यानंतर संसदेने सनदी लेखापाल अधिनियम, १९४९ संमत केला. तो १ जुलै १९४९ रोजी अंमलात आला व त्यान्वये भारतीय सनदी लेखापाल संस्था स्थापन झाली. मुंबईचे गोपालदास पदमसी कापडिया हे तिचे पहिले अध्यक्ष. आज या संस्थेचे सभासद ४ लाखांहून अधिक आहेत.

सदस्यत्व आणि व्यवसाय प्रमाणपत्र

परीक्षा उत्तीर्ण होऊन व विहित उमेदवारी पूर्ण करून जो संस्थेचा सदस्य होतो, त्यास लगेच स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही. अधिनियमाच्या कलम ६ नुसार त्यासाठी संस्थेच्या परिषदेकडून व्यवसाय प्रमाणपत्र घ्यावे लागते. एखाद्या कारखान्यात किंवा बँकेत नोकरी करणारा लेखापाल प्रमाणपत्राविना सदस्य राहू शकतो. परंतु लोकांच्या हिशेबांवर लेखापरीक्षक म्हणून सही करावयाची, तर हे प्रमाणपत्र हवेच. यासाठी दरवर्षी शुल्क भरावे लागते. शुल्काची पावती मात्र ज्ञानाची साक्ष देत नाही. यास्तव संस्थेने २००३ साली निरंतर व्यावसायिक शिक्षणाबाबतचे विवरणपत्र प्रसिद्ध करून सभासदांवर अभ्यासाच्या तासांचे बंधन घातले.

तासांचा हिशेब

हे बंधन तीन वर्षांच्या खंडानुसार मोजले जाते. जानेवारी २०२३ ते डिसेंबर २०२५ या खंडाचे उदाहरण घेतले म्हणजे त्याची रचना ध्यानी येते. व्यवसाय प्रमाणपत्र धारण करणाऱ्या, ६० वर्षांखालील सदस्यास तीन वर्षांत १२० तास पूर्ण करावयाचे होते. त्यांपैकी किमान ६० तास संरचित शिक्षणाचे असणे आवश्यक होते व दरवर्षी किमान २० संरचित तास झालेच पाहिजेत, अशी अट होती. प्रमाणपत्र नसलेल्या सदस्यांसाठी हे प्रमाण तीन वर्षांत ६० तास इतके होते. ज्येष्ठ सदस्यांना काही सवलती असतात.

संरचित शिक्षण म्हणजे संस्थेच्या शाखा, अभ्यास मंडळे आदींनी योजलेली व्याख्याने, परिसंवाद, कार्यशाळा आणि परिषदा. तेथे उपस्थितीची नोंद होते व तासांचे श्रेय सदस्याच्या खाती जमा होते. असंरचित शिक्षणात स्वतःचे वाचन, व्यावसायिक गटचर्चा, अध्यापन यांसारख्या गोष्टी येतात. त्यांची माहिती सदस्य स्वतः घोषित करतो.

वर्षाचे २० संरचित तास म्हणजे दोन तासांची दहा व्याख्याने. उरलेले २० तास वाचनाने पूर्ण करावयाचे, तर दरमहा दोन तासांहूनही कमी वेळ पुरतो. हा भार अवजड म्हणता येणार नाही. तथापि, लहान गावातील एकट्याने व्यवसाय करणाऱ्या लेखापालाची अडचण वेगळी असते. दक्षिण मुंबईतील एका व्याख्यानासाठी वसईहून जाऊन परत येण्यात कामाचा बहुतेक दिवस खर्ची पडतो. संस्थेच्या पश्चिम विभागीय परिषदेची शाखा वसई येथेही आहे आणि संगणकाद्वारे शिकण्याची सोयही उपलब्ध झाली आहे. त्यामुळे सांडोर, पापडी, नालासोपारा वा विरार येथील व्यावसायिकास अभ्यासाची संधी घराजवळ मिळू लागली, ही मोठीच सोय होय.

हा नियम मोडल्यास काय? अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीनुसार अधिनियम, विनियम वा परिषदेने काढलेली मार्गदर्शक तत्त्वे यांचा भंग करणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरू शकते. म्हणजेच अभ्यास ही सदस्याच्या मर्जीवर सोडलेली बाब राहिलेली नाही.

अभ्यास कशासाठी?

गेल्या काही वर्षांत लेखाविषयक कायद्यांत झालेले बदल पाहिले म्हणजे या प्रश्नाचे उत्तर मिळते. १९५६ च्या कंपनी अधिनियमाची जागा २०१३ च्या अधिनियमाने घेतली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि विक्रीकर, उत्पादनशुल्क व सेवाकर यांची जुनी घडी मोडली. आयकर अधिनियम, १९६१ हा सहा दशकांहून अधिक काळ लेखापालांच्या मेजावर होता; त्याच्या जागी संसदेने आयकर अधिनियम, २०२५ संमत केला व १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख ठरविली. नव्या अधिनियमात ५३६ कलमे आहेत. ‘पूर्व वर्ष’ आणि ‘कर निर्धारण वर्ष’ या दोन संज्ञांऐवजी त्यात ‘कर वर्ष’ ही एकच संज्ञा आली आहे. मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नास जुना कायदा व त्यापुढील उत्पन्नास नवा कायदा, अशी स्थिती असल्याने लेखापालास काही काळ दोन्ही कायदे जाणणे भाग आहे.

कायद्यातील एक लहानसा बदल गावातील संस्थेस किती महाग पडू शकतो, हे एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, एका पतसंस्थेस वर्षाकाठी १० लाख रुपयांचा नफा झाला आणि तो सारा १९६१ च्या अधिनियमाच्या कलम ८०-पी खालील वजावटीस पात्र आहे. वजावट मिळाल्यास आयकर शून्य. परंतु २०१८ च्या वित्त अधिनियमाने कलम ८०-एसी ची व्याप्ती वाढविली आणि विवरणपत्र मुदतीत भरले तरच ही वजावट मिळेल, असे ठरविले. ‘आपल्याला कर लागतच नाही, विवरणपत्र उशिरा भरले तरी बिघडत नाही’, अशा जुन्या समजुतीने वागणाऱ्या हिशेबनिसाने मुदत चुकविली, तर काय होईल? सहकारी संस्थेसाठीच्या सर्वसाधारण दराने पहिल्या १० हजारांवर १० टक्के, पुढील १० हजारांवर २० टक्के व उर्वरित ९ लाख ८० हजारांवर ३० टक्के, असा २ लाख ९७ हजार रुपये कर होतो. त्यावर ४ टक्के उपकर धरता एकूण रक्कम ३ लाख ८ हजार ८८० रुपये भरते. व्याज व विलंबशुल्क निराळे. सभासदांना लाभांश म्हणून वाटता आली असती अशी ही रक्कम केवळ एका दुरुस्तीच्या अज्ञानापायी हातची जाते. अशा विलंबाच्या माफीसाठी अर्ज करण्याची वाट केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०२३ साली काही वर्षांपुरती खुली केली होती. परंतु माफी मागण्याची पाळी येऊ न देणे हेच शहाणपणाचे.

सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये २०१३ साली झालेल्या सुधारणांनी लेखापरीक्षकाची निवड अधिमंडळाच्या, म्हणजे सभासदांच्याच हाती दिली. निबंधकांनी तयार केलेल्या व शासनमान्य नामतालिकेतून वार्षिक सभेने लेखापरीक्षक नेमावयाचा असतो. एकच लेखापरीक्षक एका संस्थेवर सलग तीन वर्षांपेक्षा अधिक काळ नेमता येत नाही. भरणा झालेले भागभांडवल एक लाख रुपयांपेक्षा कमी असलेल्या संस्था वगळता, एका लेखापरीक्षकाने वर्षास वीसपेक्षा अधिक संस्थांचे काम घेऊ नये, असाही दंडक आहे. कलम ८१ नुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत लेखापरीक्षण पूर्ण व्हावयास हवे. अहवालात दोष दाखविले गेल्यास कलम ८२ प्रमाणे तीन महिन्यांत त्यांचा खुलासा व दुरुस्ती करणे संस्थेवर बंधनकारक आहे. हिशेबासंबंधी गुन्हा घडल्याचे आढळल्यास निबंधकांना विशेष अहवाल देऊन त्यांच्या लेखी परवानगीने प्रथम खबरी अहवाल नोंदविणे, ही लेखापरीक्षकाची जबाबदारी आहे. तीत कसूर केल्यास त्याचे नाव नामतालिकेतून काढले जाऊ शकते.

या नामतालिकेत सनदी लेखापालांबरोबर प्रमाणित लेखापरीक्षकही असतात. विद्यापीठाची पदवी, सहकार आयुक्तालयातर्फे घेतली जाणारी सहकार व लेखा शासकीय पदविका, म्हणजेच सर्वपरिचित जी.डी.सी. अँड ए. परीक्षा, लेखापरीक्षणाचा विहित अनुभव आणि मराठीचे कामचलाऊ ज्ञान यांवर त्यांची पात्रता ठरते. लहान गृहनिर्माण संस्था, शिक्षकांच्या पगारदार पतसंस्था आणि विविध कार्यकारी सोसायट्या यांच्या दृष्टीने हा वर्ग फार मोलाचा आहे. पदविका पंधरा-वीस वर्षांपूर्वी मिळविलेल्या लेखापरीक्षकासही कायद्यातील नव्या दुरुस्त्यांचा अभ्यास तितकाच आवश्यक आहे. पुण्याची वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकार प्रबंध संस्था व महाराष्ट्र राज्य सहकारी संघ यांसारख्या प्रशिक्षण संस्थांचा लाभ त्यांनी घेणे इष्ट होय.

ग्रामपंचायतींची व्यवस्था याहून निराळी आहे. तेथील हिशेब १९३० च्या मुंबई स्थानिक निधी लेखापरीक्षा अधिनियमान्वये शासनाच्या स्थानिक निधी लेखापरीक्षा विभागाकडून तपासले जातात. तरीही पंचायत सदस्य हा गावातील पतसंस्थेचा, सोसायटीचा वा शिक्षणसंस्थेचाही सभासद असतोच. यास्तव हा विषय त्यास परका नाही.

दुर्लक्षाची किंमत

लेखापरीक्षण ढिले पडल्यास काय घडते, याचा कटू अनुभव महाराष्ट्राने सप्टेंबर २०१९ मध्ये घेतला. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि ठेवीदारांस प्रारंभी खात्यातून सहा महिन्यांत केवळ १ हजार रुपये काढण्याची मुभा राहिली. एका बांधकाम उद्योगसमूहाशी संबंधित ४४ कर्जखाती झाकण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखविण्यात आल्याचे पोलिसांकडील तक्रारीत नमूद होते. वर्षानुवर्षे अहवाल सादर होत असता ही खाती दृष्टीस पडली नाहीत, हा प्रश्न त्या वेळी सर्वत्र विचारला गेला. पुढे जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली.

या घटनेनंतर दोन महत्त्वाचे बदल झाले. ४ फेब्रुवारी २०२० पासून बँकेतील ठेवींवरील विमासंरक्षण १ लाखावरून ५ लाख रुपयांवर गेले. तसेच २०२० च्या बँकिंग नियमन सुधारणा कायद्याने नागरी सहकारी बँकांच्या लेखापरीक्षक नेमणुकीस रिझर्व्ह बँकेची पूर्वसंमती आवश्यक ठरली. ठेव विमा महामंडळाचे हे संरक्षण बँकांतील ठेवींस आहे. पतसंस्थेतील ठेवींस ते मिळत नाही, ही गोष्ट प्रत्येक सभासदाने ध्यानी ठेवावयास हवी. पतसंस्थेतील बचतीचे खरे संरक्षण म्हणजे दक्ष व्यवस्थापक समिती, जाणकार लेखापरीक्षक आणि जागरूक अधिमंडळ हेच होय.

अन्य देश, अन्य व्यवसाय

निरंतर शिक्षणाचा दंडक भारतापुरता मर्यादित नाही. १९७७ साली म्युनिक येथे स्थापन झालेल्या लेखापालांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २००४ साली या विषयावर शिक्षण-मानक प्रसिद्ध केले. तीन वर्षांत १२० तास, त्यांपैकी ६० पडताळता येण्याजोगे आणि दरवर्षी किमान २० तास, हे प्रमाण त्याच मानकातून सर्वत्र रूढ झाले. अमेरिकेत लेखापालाचा परवाना प्रत्येक राज्याचे मंडळ देते आणि त्याचे नूतनीकरण अभ्यासाच्या तासांशी जोडलेले असते. टेक्सासमध्ये तीन वर्षांत १२० तास, तर कॅलिफोर्नियात दोन वर्षांत ८० तास पूर्ण करावे लागतात. आपल्या राज्यात वैद्यकीय व्यावसायिकांसही असाच नियम लागू आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० श्रेयांक आवश्यक असतात. शरीराची तपासणी करणारा आणि हिशेबाची तपासणी करणारा, दोघांनीही शिकत राहिले पाहिजे, हे समाजाने मान्य केल्याचे हे लक्षण आहे.

तासांच्या पलीकडे

या पद्धतीस काही मर्यादाही आहेत. व्याख्यानास उपस्थित राहणे आणि विषय आत्मसात करणे यांत अंतर आहे. खंड संपत आला की वर्षाखेरीस घाईघाईने तास पूर्ण करण्याकडे काहींचा कल असतो. सहकारी संस्थांचे काम करणाऱ्याने मोठ्या कंपन्यांच्या लेखामानकांवरील व्याख्याने ऐकली, तर तास भरतात. संस्थेस मात्र त्याचा उपयोग थोडा. म्हणूनच आंतरराष्ट्रीय मानकात तासांबरोबर फलनिष्पत्ती मोजण्याचाही मार्ग सुचविला आहे. शाखांनी व अभ्यास मंडळांनी आपल्या भागातील व्यवहारांस अनुरूप विषय निवडणे, हा यावरील सोपा उपाय आहे. वसईसारख्या भागात गृहनिर्माण संस्थांचे हिशेब, पतसंस्थांची थकबाकी व तरतुदी, सार्वजनिक न्यासांचे हिशेब आणि नवा आयकर कायदा हे विषय प्राधान्याने घेतले जावेत.

सभासदांनी काय करावे?

अधिनियमाच्या कलम २४-ए नुसार सभासद, अधिकारी व कर्मचारी यांच्या सहकारी शिक्षणाची व्यवस्था करणे प्रत्येक संस्थेचे कर्तव्य आहे आणि व्यवस्थापक समितीच्या सदस्यांनी विहित प्रशिक्षण घेतलेच पाहिजे. म्हणजे अभ्यासाचे बंधन हिशेब तपासणाऱ्याइतकेच संस्था चालविणाऱ्यांवरही आहे. लेखापरीक्षकाची नेमणूक करण्यापूर्वी वार्षिक सभेत पुढील प्रश्न विचारण्यास संकोच नसावा :

१. लेखापरीक्षकाचे नाव शासनमान्य नामतालिकेत आहे काय?

२. तो सनदी लेखापाल असल्यास त्याच्याजवळ चालू व्यवसाय प्रमाणपत्र आहे काय आणि चालू खंडातील शिक्षणाचे तास त्याने पूर्ण केले आहेत काय?

३. सहकारी संस्थांसंबंधीच्या कायद्यांवर त्याने अलीकडे कोणते प्रशिक्षण घेतले?

४. सलग तीन वर्षांची मर्यादा ओलांडली जात नाही ना?

५. मागील अहवालातील दोषांची दुरुस्ती होऊन तिचा अहवाल निबंधकांकडे गेला काय?

अहवाल हाती आल्यावर आणखी एक पडताळणी करता येते. १ जुलै २०१९ पासून सनदी लेखापालाने सही केलेल्या प्रत्येक लेखापरीक्षण अहवालावर अठरा अंक-अक्षरांचा एकमेव दस्तऐवज ओळख क्रमांक असणे बंधनकारक आहे. प्रमाणपत्रांसाठी ही अट त्याच वर्षीच्या १ फेब्रुवारीपासून लागू झाली. संस्थेच्या संकेतस्थळावर हा क्रमांक घालून ती सही खरोखर त्या सदस्याची आहे की नाही, हे कोणालाही पाहता येते. गावातील शिक्षकाने किंवा संगणक जाणणाऱ्या तरुणाने एवढे काम केले, तरी बनावट सह्यांना मोठा आळा बसेल.

वार्षिक सभेत अहवाल ‘वाचला असे समजून’ मंजूर करण्याची प्रथा अनेक ठिकाणी आढळते. ती मोडावयास हवी. लेखापरीक्षकाने अहवालातील ठळक बाबी सभेपुढे सोप्या मराठीत सांगाव्यात, सभासदांनी शंका विचाराव्यात आणि त्यांची उत्तरे इतिवृत्तात नोंदली जावीत. शाळेतील वरच्या वर्गांत गावातील पतसंस्थेचा ताळेबंद वाचावयास शिकविला, तर पुढील पिढी अधिक सजग होईल. लेखापालाने आपले ज्ञान नित्य ताजे ठेवावे, संस्थेने आपल्या समितीस शिक्षित करावे आणि सभासदाने प्रश्न विचारण्याचा आपला हक्क बजावावा. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तरच सांडोरसारख्या गावातील कष्टाची बचत निर्धास्त राहील.